गाडी बंद पडली, माणूस थांबला. आता त्याला द्यायचं काय?

रेवदंडा_एक्सप्रेस

महाडहून वरंधा घाट चढून भोरकडे येताना नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं बराच वेळ रस्ता जातो. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल, त्या पट्ट्यात गॅरेज म्हणावं असं जवळजवळ काही नाही. रविवारी दुपारी तिथंच आमच्या दुचाकीची क्लच केबल तुटली. लिव्हरपाशी जी घुंडी असते, नेमकी तिच्यातून वायर निघाली.

क्लचशिवाय गाडी नेता येते हे मला माहीत आहे. पळवत ढकलायची, पहिल्यात टाकायची आणि मग भोर येईपर्यंत थांबायचं नाही. पण मागे बायको, दोन सॅका आणि समोर वळणं. त्यामुळे उभे राहिलो. दोन चारचाक्या हॉर्न देऊन गेल्या. मग स्प्लेंडरवरून एक जण आला, मागे कॅरियरला लाकडी पेटी बांधलेली. शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो म्हणाला. त्याच्याकडे केबल कुठून असणार? पण त्यानं पेटीतून वायर जोडायचा पांढरा कनेक्टर काढला, प्लास्टिक कापून आतला दोन स्क्रूचा पितळी तुकडा घेतला, वायरीच्या टोकाला बसवून दोन्ही स्क्रू आवळले. वायर थोडी आखूड पडत होती, म्हणून अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घेतला. क्लच लागला! थोडा जड, पण लागला. पुण्यापर्यंत त्यावरच आलो.

आता मुद्दा. मी पाकीट काढलं, तो नको म्हणाला. परत म्हटलं, तर चेहरा जरा उतरलाच. मग स्वतःच म्हणाला, "भोरलाच चाललाय ना? एस्टी स्टँडसमोरच्या दुकानात हा मोटारीचा कपॅसिटर देऊन टाका, माझी एक खेप वाचंल." ते काम मी केलं आणि मला एकदम हलकं वाटलं. पैसे घेतले असते तर असं वाटलं नसतं.

तर प्रश्न असा, की अशा वेळी तुम्ही काय करता? पैसे द्यावेत का, किती, कसे? आणि तुमचे अनुभवही लिहा. "माणुसकी अजून जिवंत आहे" छापाचे नकोत, नीट तपशिलात लिहा.

जुना यझदीवाला

धागा आवडला. आमच्या काळी यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, कारण गाड्या बंदच पडायच्या. आज थांबवणारे तुम्ही असाल, उद्या थांबणारे तुम्ही. टू-स्ट्रोकच्या प्लगवर कार्बन धरला की गाडी गप्प. प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, लावायचा, किक मारायची. प्रत्येकाच्या डिकीत प्लग-पाना आणि एक जुना प्लग असायचाच. स्कूटरवाले आणखी सुखी, कारण त्यांच्याकडे स्टेपनी. पुढचं-मागचं चाक एकच, नट सोडले की झालं. आमच्या मोटरसायकलवाल्यांना ती चैन नव्हती.

पेट्रोल संपलं तर मात्र पंचाईत. ट्रकवाला हमखास थांबायचा, पण त्याच्या टाकीत डिझेल! त्याचा उपयोग एवढाच, की पुढच्या पंपापर्यंत केबिनमध्ये बसवून न्यायचा. आणि दुसऱ्या मोटरसायकलवाल्यानं नळीनं पेट्रोल काढून दिलं तरी ती फोर-स्ट्रोक असेल तर त्यात ऑइल नसायचं. म्हणून आम्ही पेट्रोलमध्ये कालवायच्या टू-टी ऑइलची छोटी बाटली जवळ ठेवायचो. यझदीला किक आणि गिअर एकाच दांडीवर. मदतीला आलेला नवखा माणूस किक शोधत बसायचा, ती मजा वेगळीच.

पैशांचं विचाराल तर ते कुणी कुणाला विचारायचंही नाही. एक विडी किंवा सिगरेट पुढे करायची. मी ओढत नव्हतो, पण खिशात पाकीट असायचं, ते याच्यासाठी.

सुपारीफुटी

वाचनखूण (वाखु) साठवली. कनेक्टरची आयडिया भन्नाट आहे, एक पट्टी आजच डिकीत टाकतो.

स्पष्टच_बोलतो

सगळं गोड चाललंय म्हणून जरा कडू. हायवेवर खिळे टाकून पाचशे मीटरवर दुकान मांडणारे तुम्हाला भेटले नाहीत वाटतं? ट्यूबलेस टायर पाण्यात तपासताना टोच्यानं आणखी दोन भोकं पाडून "चार पंक्चर आहेत साहेब" म्हणणारे? आणि रस्त्याच्या कडेला रिकामी बाटली घेऊन "पेट्रोल संपलंय, लहान मूल आहे" म्हणणारा तोच माणूस मला एकाच पुलाखाली दोनदा भेटलाय. रात्री कुणी हात केला तर मी थांबत नाही. ज्याला थांबायचंय त्यानं थांबावं, पण न थांबणाऱ्याला माणुसकी नाही असं कृपया लिहू नका.

आणि बंद गाडीचं सोडा, लोक अपघातालाही थांबत नाहीत. पोलिसांचं लफडं नको म्हणून.

चिन्मयी_प

@स्पष्टच_बोलतो, रात्री न थांबण्याबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. मीही थांबत नाही. पण उभं राहणारी बाजूही सांगते, कारण बाईसाठी तिथे गणित वेगळं असतं. गाडी बंद पडली की पहिला प्रश्न "कोण थांबेल" हा नसतो, "जो थांबलाय तो कोण आहे" हा असतो.

माळशेज उतरून नव्हे, चढून पुण्याच्या बाजूला येत होते. ओतूरच्या अलीकडे स्कूटरचा बेल्ट तुटला. गिअरवाल्या गाडीला जुगाड चालतो, स्कूटरचा बेल्ट गेला की कुणाच्याच हातात काही नसतं. इंजिन सुरू, चाक जागेवर. ढकलणं किंवा टेम्पो, दोनच पर्याय. दोन मुलगे थांबले, चांगले असतीलही, पण मी म्हटलं, "भाऊ येतोय, निघालाच आहे." कोणताही भाऊ येत नव्हता.

मग टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन नारायणगावकडे निघालेला पिकअपवाला थांबला. पन्नाशीचा असेल. खाली न उतरताच त्यानं आधी मोबाइल काढला, बायकोला फोन लावला आणि खिडकीतून फोन माझ्या हातात दिला. "हिच्याशी बोला, मग ठरवा." त्या ताईंनी मला गाव विचारलं, गाडीचा नंबर वाचून दाखवला, म्हणाल्या, "बसा बिनघोर, आणि उतरल्यावर मला फोन करायला सांगा त्यांना, नायतर जेवायची वेळ चुकवतात." मी हसले आणि स्कूटर चढवली. क्रेटच्या दोऱ्यांनीच त्यानं ती बांधली.

त्यांना मी पैसे दिले, आणि त्यांनी घेतले. शंभर रुपये. तो भाड्यानंच गाडी चालवतो, माझ्यामुळे त्याला बाजाराच्या गर्दीत गॅरेजपर्यंत वळसा पडला. ज्याचा तो धंदाच आहे त्याला पैसे द्यायला लाजू नये, असं माझं मत. ज्याचा नाही, त्याला आग्रह करू नये. फोनवर बोलायला देणं ही मदत मात्र मला स्कूटर नेण्यापेक्षा मोठी वाटते. हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

कोर्टाची_पायरी

अपघाताचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात. "पोलिसांचं लफडं" ही भीती आता कागदावर तरी उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेनं जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, रुग्णालय त्याला अडकवून ठेवू शकत नाही. १०८ ला फोन करून जखमीजवळ उभं राहणं एवढं तर कुणीही करू शकतं. राष्ट्रीय महामार्गावर गाडीच बंद पडली असेल तर १०३३ हा प्राधिकरणाचा क्रमांक आहे.

हे अवांतर झालं, मूळ विषय चालू द्या.

मनमाडकर

मनाली-लेहचा अनुभव लिहितो. तांडीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किमी" असा बोर्ड आहे, त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पेट्रोल आम्ही कॅनमध्ये भरून घेतलं होतं. पेट्रोलची तयारी सगळेच करतात, हवेची कुणी करत नाही.

पांगच्या पुढे मोरे प्लेन्सवर मागचं चाक बसलं. स्पोकचं चाक, म्हणजे ट्यूब. साडेचार हजार मीटरच्या वर आहोत हे टायर लिव्हरनं टायर उचलताना कळतं. दहा वेळा जोर लावला की बसून श्वास घ्यायचा. ट्यूब बदलली, आणि पायपंपानं मान टाकली. दोघं मित्र आळीपाळीनं त्या पंपावर उड्या मारतोय आणि टायर तसाच.

मागून लेहकडे जाणारा ट्रक आला, थांबला. ड्रायव्हर पंजाबी. त्यानं काही न बोलता ट्रकच्या खालून एक लांब नळी ओढली. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यासाठी हवेची टाकी असते, तिलाच त्यानं नळी जोडली होती. मिनिटभरात चाक टणक. बोटानं टिचकी मारून म्हणाला, "बस."

पैसे द्यायचा प्रयत्न केला, हात जोडून नको म्हणाला. मग विचारलं, "फोन पोस्टपेड है?" बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, त्याचंही बंद होतं. कागदावर घरचा नंबर लिहून दिला. त्याला वाटेत माल उतरवायचा होता, आम्ही आधी पोहोचणार होतो. लेहला रेंज आल्यावर पहिला फोन तो केला. पलीकडून एक म्हातारी बाई पंजाबीत इतकं भरभर बोलली की मला "पुत्तर" सोडून काही समजलं नाही. मी आपलं "ठीक है, सब ठीक है" म्हणत राहिलो.

रेवदंडा, तुझ्या कपॅसिटरसारखंच झालं बघ. पैसे नकोत, पण तू त्या दिशेला चाललायस ना, मग हे एवढं ने.

शिरगावकर_मुंबईवाला

हसू नका. देवगडहून नांदगाव तिठ्याकडे येताना शिरगावच्या पुढे गाडी फुर्रफुर्र करून गप्प. काटा अर्ध्यावर होता, म्हणजे काटाच अडकलेला. दुपारी दोनची वेळ, कोकणात दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. एका घराच्या खळ्यात काका खुर्चीवर बसलेले.

"काका, पेट्रोल मिळेल का इथे कुठे?"

"खंयसून इलात?"

"देवगडहून."

"कोणाकडे गेल्लात?"

सांगितलं.

"तेंचो मोठो भाव मुंबयक आसा तो? गिरणीत होतो तो?"

हो म्हटलं. मग आईचं माहेर, मग आमची गिरगावची चाळ, मग चाळीतला त्यांचा कोणी ओळखीचा. एवढी चौकशी पासपोर्टलाही झाली नव्हती. त्यात चहा आला, कोकम सरबत आलं. शेवटी काका उठले आणि पडवीतून प्लास्टिकची बाटली घेऊन आले.

"ह्या घास कापूच्या मशीनचा आसा. तेल मिसळलेला. धूर मारीत, पण जातली."

गवत कापायचं मशीन टू-स्ट्रोक असतं, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल कालवलेलंच. माझी फोर-स्ट्रोक नांदगावपर्यंत निळा धूर सोडत गेली. यझदीवाले काका, तुमची ऑइलची बाटली इथे उलटी आठवली.

पैसे? काकांनी सांगितलं, बाटली तेवढी परत आणून द्या, दुसरी नाय माझ्याकडे. पंपावर बाटलीत पेट्रोल द्यायला कुरकुर करतात, पण दिलं. भरून नेऊन दिली. परत चहा.

हवा_भरून_मिळेल

सहसा लिहीत नाही, पण स्पष्टच_बोलतो यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या वडिलांचं पुणे-नाशिक रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. बाहेर दोरीला टायर टांगलेला, आत कॉम्प्रेसर, पाण्याची लोखंडी घमेली. मी दहावीपर्यंत शाळा सुटल्यावर तिथंच.

तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही. असे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळं आमच्याकडं गिऱ्हाईक पहिल्या मिनिटापासून संशयानं बघायचं. त्यावर उपाय सोपा आहे. चाक उघडं होताना शेजारी उभे राहा. मोबाइल बघू नका, टपरीवर जाऊ नका. ट्यूबलेस असेल तर आधी साबणाचं पाणी लावून फेस कुठून येतो ते स्वतः बघा, मगच टोच्या लावू द्या. खिळा निघाला तर मागून घ्या. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. माझे वडील स्वतःहून दाखवायचे, "हे बघा, हे एवढंच."

आता दुसरी बाजू. रात्री दोन-अडीचला शटर वाजायचं. वडील उठायचे, आई आतून म्हणायची, "सकाळी बघू म्हणा." ते म्हणायचे, "सकाळपर्यंत बाई-पोरं रस्त्यावर ठेवू का?" त्या वेळी आलेल्या माणसाला घाई झालेली असते. सोल्यूशन लावल्यावर ते सुकू द्यावं लागतं, हाताला चिकटेनासं झालं की मग ठिगळ. लगेच चिकटवलं तर दहा किलोमीटरवर परत सुटणार. पण माणूस डोक्यावर उभा, "झालं का, झालं का." वडील काही बोलायचे नाहीत, ट्यूबवर फुंकर मारत बसायचे.

पंक्चरचे पैसे ते घ्यायचे, रात्रीचे जास्त लावायचे नाहीत. हवेचे कधीच घेतले नाहीत. सायकलवाल्या पोरांना तर स्वतः बोलवायचे.

पैशांबद्दल माझं सांगतो. "किती झाले?" असं साधं विचारा. समोरचा आकडा सांगेल किंवा नको म्हणेल. आकडा सांगितला तर तेवढेच द्या, घासाघीस नको. नको म्हटलं तर एकदा परत विचारा, मग सोडून द्या. खिशात कोंबायचं नाही. पाचशेची नोट काढून "ठेवा तुम्हाला" म्हणणारे लोक वडिलांना अजिबात आवडायचे नाहीत. सुट्टे नसल्यानं वैताग व्हायचा आणि उपकार केल्यासारखं वाटायचं, ते वेगळं. आणि मदत करणाऱ्याचा व्हिडिओ काढू नका हो. काळे हात, फाटका बनियन, आणि तो माणूस कुणाच्या तरी फोनवर हिरो झालेला. त्याला विचारलंय का कुणी?

स्पष्टच_बोलतो

@हवा_भरून_मिळेल, प्रतिसाद पटला. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. खिळेवाल्यांबद्दलचं माझं मत तेच राहील, पण शेजारी उभं राहायचा सल्ला घेतला.

किकस्टार्ट

चाकणच्या बाजूला राहतो म्हणून लिहितो. गाडी बंद पडायचीच असेल तर सेकंड शिफ्ट सुटताना पडावी. रात्री बारानंतर कंपन्यांची पोरं युनिफॉर्मवर, डब्याच्या पिशव्या हँडलला अडकवून निघतात. एक थांबला की मागचे चार थांबतात. एकाकडे पाना असतो, एकाला माहीत असतं की कुठला मेकॅनिक दुकानातच झोपतो.

काहीच झालं नाही तर "बसा, पाय लावतो." मागची गाडी जरा बाजूनं चालते, तिच्यावरचा माणूस आपल्या पायानं तुमच्या फूटरेस्टला रेटा देतो. दिसायला सोपं आहे. पण ज्याची गाडी ढकलली जातेय त्यानं हँडल सरळ धरायचं आणि एकदम ब्रेक मारायचा नाही, नाहीतर मागच्याचा पाय जातो. घाट उतारावर, पावसात, ट्रकच्या गर्दीत हे करू नये. मी दोनदा नाही म्हणालोय, समोरच्याला राग आला तरी. त्यापेक्षा गाडी ढाब्यावर लावून माणसाला घरी सोडणं बरं. ढाबेवाले गाडी ठेवून घेतात, फक्त सकाळी लवकर न्या, त्यांची पार्किंगची जागा अडते.

विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स मिळतो, तो मीही घेतलाय. एकदा फोन केला, "लोकेशन शेअर करा" वर बरीच मिनिटं गेली, तोवर शिफ्टवाल्या पोरांनी तुटलेली चेन जोडायचं लॉक बसवून गाडी चालू करून दिली. मग कस्टमर केअरला फोन करून नको सांगावं लागलं, त्यालाही वेळ लागला.

रेवदंडा_एक्सप्रेस

सगळ्यांना धन्यवाद, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मनमाडकर, ते तुझं "हे एवढं ने" बरोबर पकडलंस. बाटली परत आणून देणं, फोन करून निरोप देणं. ज्यांनी पैसे नाकारले त्यांनी काहीतरी काम मात्र सांगितलंय, आणि ते काम आपल्याच वाटेवरचं. मी आता पाकीट काढायच्या आधी "पुढे काही न्यायचं-सांगायचंय का?" असं विचारणार आहे.

चिन्मयी, धंदा असेल तर पैसे द्यावेत, हे पटलं. पण मोटारवाल्याचाही तो एका अर्थी धंदाच होता की! हत्यारं त्याची, कनेक्टर त्याचा. तिथे काय करायचं?

चिन्मयी_प

त्यानं धंदा म्हणून केलं नाही ना. तो मोटार बघायला निघाला होता, तुम्ही मध्ये आलात. पण कनेक्टरचे पैसे द्यायला हरकत नव्हती, वस्तूचे पैसे लोक घेतात. "सामानाचे तरी घ्या" म्हणून बघा.

जुना यझदीवाला

सामानाचे घेतात, बरोबर. मजुरीचे घेत नाहीत. आमच्याकडे प्लग दिला तर प्लगचे पैसे, किंवा पुढच्या वेळी नवा प्लग.

सुपारीफुटी

एक बाळबोध प्रश्न, विषयाला थोडा धरून. ट्यूबमध्ये ते हिरवं सीलंट भरून ठेवलं तर पंक्चरची कटकटच मिटते का? म्हणजे कुणाला थांबवायलाच नको.

हवा_भरून_मिळेल

बारीक खिळ्याला चालतं. ट्यूब चिरली किंवा व्हॉल्व्हपाशी फाटली तर काही उपयोग नाही. आणि मग ती ट्यूब घेऊन दुकानात आलात तर आधी सगळा चिकटा पुसावा लागतो, नाहीतर ठिगळ धरत नाही. त्याचे मात्र पैसे जास्त पडतील, आधीच सांगून ठेवतो.